तुळजाबाईचा कळक

"मग आता तुमच्या जागेवर मुलगी येईल ना?"

गोवंडे साहेबांनी फाटकाशी उभं राहून विचारलं. एका हातात कात्रजच्या दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. प्रेमलाने खराटा थांबवला आणि पदराने कपाळ टिपलं. मे महिना चालू होता. महिनाअखेरीला ती निवृत्त होणार, ही बातमी सदाशिव पेठेतल्या त्या गल्लीत कुठून तरी पोहोचली होती.

गोवंडे साहेब बँकेतून मोठे अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. एखादं पान झाडायचं राहिलं की ते गॅलरीतून बोट करून दाखवायचे, आणि दिवाळीत फराळाचा डबा मात्र स्वतः जिना उतरून आणून द्यायचे. माणूस वाईट नव्हता. म्हणूनच प्रश्न तिला लागला. वाईट माणसाने विचारलं असतं तर तिने ते कचऱ्याबरोबर ढकलगाडीत टाकून दिलं असतं.

"चांगलीच असेल हो मुलगी," साहेब कौतुकाने पुढे म्हणाले. "तुमच्या हाताखाली तयार झालेली. आमच्या गल्लीला काळजी नाही."

"साहेब, तुमचे चिरंजीव बसले का हो बँकेत तुमच्या खुर्चीवर?"

साहेब गोंधळले. "तो तिकडे कॅलिफोर्नियात असतो. सॉफ्टवेअरमध्ये."

"ते माहितीये मला. फराळाचं पार्सल जातं ना दरवर्षी. मी आपलं खुर्चीचं विचारलं."

यावर गोवंडे साहेबांना उत्तर सुचलं नाही, आणि पेठेतल्या माणसाला उत्तर न सुचणं ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. दूध नासेल या काळजीने ते लगबगीने वर गेले. प्रेमला मनातल्या मनात हसत गल्लीच्या टोकापर्यंत झाडत गेली. वळणावर मात्र तिचं हसू ओसरलं. साहेबांना ठणकावून दिलेलं उत्तर तिने अजून घरी दिलेलं नव्हतं.

महापालिकेच्या सफाई कामगाराची जागा त्याच्या घरातल्या माणसाला मिळते. वारसा हक्क म्हणतात त्याला. डॉक्टरच्या मुलाला डॉक्टर व्हायला परीक्षा द्यावी लागते, वकिलाच्या मुलीला वकील व्हायला शिकावं लागतं; झाडणारीच्या मुलीला काहीच करावं लागत नाही, खराटा आपण होऊन तिच्या दारात चालत येतो. प्रेमला याची थट्टा करायची, पण या हक्काला तिने कधी नावं ठेवली नाहीत. याच हक्कावर पर्वती पायथ्याच्या वस्तीतलं तिचं पत्र्याचं घर सिमेंटचं झालं होतं. नवरा पोपट अकाली गेला तरी चूल विझली नाही, आणि एकुलती एक कल्याणी संगणकाची पदवी घेण्यापर्यंत शिकली.

घोडं अडलं होतं ते कल्याणीच्या नोकरीपाशी. आदल्या वर्षी हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने तिला कॉलेजातूनच निवडलं, तेव्हा वस्तीत पेढे वाटले गेले. बुद्धविहारात तिचं नाव पुकारून टाळ्या झाल्या. मग तिकडे अमेरिकेत बँका बुडाल्या आणि इकडे कल्याणीचं रुजू होणं पुढे गेलं. आधी दिवाळीनंतर म्हणाले, मग मार्चनंतर, मग नुसतंच 'कळवू'. कल्याणी रोज संध्याकाळी दांडेकर पुलाजवळच्या सायबर कॅफेत जाऊन मेल बघायची. ती परत आली की प्रेमला तिच्या तोंडाकडे एकदा बघायची आणि काही न विचारता ताट वाढायची.

त्या संध्याकाळी भीमराव येऊन बसला. भीमराव म्हणजे पोपटचा धाकटा भाऊ, महापालिकेच्याच पाणी खात्यात, तोही वडिलांच्या जागेवर लागलेला. वस्तीला पाणी सोडायची चावी त्याच्या हातात असल्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. पण तो मुलखाचा सरळ माणूस. पोपटच्या माघारी कल्याणीला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडणारा हाच काका. त्यामुळे त्याच्यावर चिडायचीही सोय नव्हती.

"वहिनी, कल्याणीचं नाव देऊन टाका," चहाचा कप खाली ठेवत तो म्हणाला. "पर्मनंट नोकरी हाय. आता खराट्यालासुद्धा ठेकेदाराची माणसं घ्यायला लागल्यात. ही जागा एकदा गेली की परत कुणाला मिळायची नाय."

"तिला नोकरी लागलीये, भावजी."

"कुठं लागलीये? कॉम्प्युटरवरच्या पत्रात? माझ्या साहेबाचा पोरगा हिंजवडीतनं घरी बसलाय. इंजिनेर, गाडीबिडी घेतलेला. प्रायव्हेटचं काय खरं असतं का?"

 वर्तमानपत्रात रोज तेच येत होतं. भीमराव चुकीचं बोलत असता तर तिने त्याला केव्हाच गप्प केलं असतं. तो बरोबर बोलत होता, आणि तरी तिचं मन हो म्हणत नव्हतं. कल्याणी आतल्या खोलीत सगळं ऐकत होती. भीमराव उठला तेव्हा ती त्याला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, आणि बराच वेळ परतली नाही. प्रेमलाला वाटलं, पोरगी काकाशी भांडत असेल.

प्रेमलाचं मन हो म्हणत नव्हतं त्याला कारण होतं, आणि ते ती कुणाला सांगत नसे. लग्न होऊन या घरात आली तेव्हा ती मॅट्रिक पास होती. वस्तीतल्या सुनांमध्ये तेव्हा ही अपूर्वाईची गोष्ट. परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी तिची निवड झाली होती. पांढरा पोशाख शिवायला टाकायचा, एवढंच बाकी राहिलं होतं. आणि त्याच वर्षी सासूबाईंचे, तुळजाबाईंचे, गुडघे गेले. पोपटच्या कारखान्यात संप चालू होता. सासरे आधीच गेलेले, भीमराव अजून शाळेत; घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. तुळजाबाईंनी तिला जवळ बसवून सांगितलं, "पोरी, जागा हातची जाऊ द्यायची नाय. एक वर्ष धर. पोपटचं मार्गी लागलं की तू तुझ्या नर्शिंगला जा." सासू प्रेमळ होती आणि खोटंही बोलत नव्हती. प्रेमलाने एका वर्षासाठी खराटा हातात घेतला. ते वर्ष काही संपलं नाही. पांढरा पोशाख शिवायचा राहिला तो राहिलाच. पुढे कधी इस्पितळात गेली आणि एखादी परिचारिका लगबगीने जवळून गेली, की प्रेमला उगाच भिंतीकडे बघत बसायची.

तुळजाबाईंनी तिला दिला तो नुसता खराटा नव्हता, कळक होता. माडाच्या पानांच्या हिरांचा झुबका लांब बांबूला बांधला की रस्ता झाडायचा खराटा होतो. हीर झिजतात, बदलावे लागतात. ते महापालिका देते. बांबू मात्र ज्याचा त्याचा. त्या बांबूला कोठीतल्या बायका कळक म्हणायच्या. ज्या आरोग्य कोठीवर सकाळची हजेरी लागे, तिथली एक जुनी रीत होती. निवृत्त होणारी बाई शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर आपला कळक वारसाच्या हातात द्यायची, आणि वारसाने लगेच अंगणाचा एक पट्टा झाडून दाखवायचा. मग मुकादम हार घालायचा, पेढे वाटायचे. कागदपत्रं पुढे काही महिन्यांत सावकाश व्हायची, पण कोठीच्या लेखी जागा त्या पट्ट्याबरोबर भरली जायची. तुळजाबाईंचा कळक धरायच्या जागी इतका गुळगुळीत झाला होता की हात आपोआप तिथेच जायचा. तो देताना त्या म्हणाल्या होत्या, "मान खाली ठेवून झाडायचं. वर बघितलं की धूळ डोळ्यांत जाते." प्रेमलाने ते इतकं पाळलं की गल्लीतल्या माणसांना ती चपलांवरून ओळखायची.

शेवटचा दिवस उजाडला. हजेरी झाली, झाडलोट झाली, आणि दुपारी सगळ्या बायका कोठीच्या अंगणात जमल्या. वेणूबाईने गजरे आणले होते. तिने आदल्याच वर्षी आपल्या सुनेचं नाव लावून ठेवलं होतं, त्यामुळे ती निर्धास्त होती. मुकादम वैजनाथने टेबलावर स्वच्छ चादर अंथरून हार ठेवला होता. भीमराव इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. जयभीम झाले, खुर्च्या सरकल्या. प्रेमलाने ठरवून टाकलं होतं की आज गप्प राहायचं. कळक आपला आपण घरी घेऊन जायचा, आणि पुढचं पुढे बघायचं.

मग फाटकातून कल्याणी आली. लेक आली म्हणून प्रेमलाला आधी बरंच वाटलं. पण तिने नीट बघितलं, तेव्हा कल्याणीने ओढणी कमरेला घट्ट खोचली होती आणि केस वर बांधले होते. अशी तयारी माणूस पेढे खायला करत नाही. गल्लीच्या तोंडाशी काका-पुतणीत त्या संध्याकाळी काय बोलणं झालं असेल, ते प्रेमलाला एका क्षणात उमगलं.

वैजनाथने घसा खाकरून सुरुवात केली. प्रेमलाताईंनी इतकी वर्षं सेवा केली, कधी तक्रार नाही, वगैरे सगळं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "आणि आनंदाची गोष्ट अशी की त्यांची कन्या कल्याणी हिने त्यांच्या जागी यायला होकार दिलाय. शिकलेली मुलगी आपल्या कोठीला मिळते आहे. टाळ्या."

टाळ्या झाल्या. कल्याणी पुढे आली आणि तिने हात पसरला. ती हसायचा प्रयत्न करत होती.

"आई, दे," ती हळूच म्हणाली. "तात्पुरतं गं. मार्केट जरा सुधारलं, जॉइनिंग आलं की सोडते. प्रॉमिस."

प्रेमलाचा जीव गलबलला. पोरीने हे आपल्यासाठी केलं, आईचं म्हातारपण उघड्यावर पडू नये म्हणून केलं, हे तिला दिसत होतं. असंच कुणासाठी तरी आपणही केलं होतं. तेव्हाही सगळे भलं बघणारेच होते.

"माझंही तात्पुरतंच होतं," ती म्हणाली.

हे ती हळू बोलली नाही, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं. टाळ्या वाजवणारे हात खाली आले. प्रेमला सरळ जमिनीवर बसली. तिने खराटा मांडीवर आडवा घेतला आणि हिरांवरची रबरी पट्टी सोडायला लागली. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी होती ती, तिनेच करकचून बांधलेली. सुटता सुटेना. तिने गाठीला दात लावले.  वेणूबाई गजऱ्याची पुडी हातात धरून नुसती बघत राहिली.

शेवटी गाठ सुटली. हिरांचा झुबका सैल झाला आणि हीर अंगणभर पसरले. प्रेमला उठली. हातात नुसता बांबू राहिला होता. तो तिने कल्याणीच्या पसरलेल्या हातात दिला.

"घे. झाड आता कशाने झाडतेस ते."

कल्याणी त्या उघड्या बांबूकडे बघत राहिली. आधी वेणूबाईला हसू फुटलं. तिने तोंडावर पदर धरला, पण उपयोग झाला नाही. मग दुसरी हसली, मग तिसरी, आणि बघता बघता कोठीतल्या बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. वेणूबाईची सून सगळ्यात मागे उभी होती. ती मात्र हसत नव्हती. ती टक लावून त्या पसरलेल्या हिरांकडे बघत होती.

"अहो प्रेमलाताई," वैजनाथ कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "हा पसारा आता काढायचा कुणी?"

"मला काय विचारता, मुकादम? मी रिटायर झाले."

कल्याणी सवयीने हीर गोळा करायला वाकली. प्रेमलाने तिचा दंड धरून तिला वर ओढलं. "उभी राहा," ती म्हणाली. आणि मग वैजनाथपुढे मान वाकवून तिने हार घालून घेतला, कारण हार तिचा स्वतःचा होता.

भीमरावने पेढा घेतला नाही. जाता जाता तो एवढंच म्हणाला की तीन पिढ्यांची भाकरी वहिनीने एका दुपारीत सोडून दिली. पुढे तो घरी यायचा बंद झाला. पाणी मात्र वेळेवर सोडायचा.

असा हा विजय झाला खरा. पण विजय झाला की दुसऱ्या दिवशी पीठ लागतंच. कल्याणी सदाशिव पेठेतल्या एका क्लासमध्ये संगणक शिकवायला जाऊ लागली. मेल रोज बघायची, आणि रोज तेच उत्तर. पाऊसकाळ गेला, गणपती बसले आणि उठले. वारसाचं नाव कागदावर द्यायची मुदत अजून शिल्लक होती, आणि ती शिल्लक होती हेच वाईट होतं. रात्री प्रेमलाला वाटायचं, आपण भर कोठीत ऐट केली, पण पोरीचं नुकसान तर नाही ना केलं? आपल्या न शिवलेल्या पोशाखाचा सूड आपण तिच्या नशिबावर तर नाही ना उगवला? कल्याणी एका शब्दाने बोलायची नाही. त्याने तर प्रेमलाला आणखीनच धसका बसायचा.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी प्रेमला चांगलं लुगडं नेसून बाहेर पडली. कुठे जाते ते तिने कल्याणीला सांगितलं नाही. महापालिकेच्या कार्यालयासमोर, रस्त्याच्या अलीकडे, एक चहाची टपरी होती. तिथे तिने चहा घेतला. तो संपल्यावर आणखी एक घेतला. समोरच्या दारातून माणसं आत-बाहेर करत होती. नुसतं पलीकडे जाऊन नाव सांगायचं होतं. तिने कार्यालयाच्या पायऱ्यांकडे बघितलं, आणि तिला कमरेला ओढणी खोचलेली कल्याणी दिसली, हात पसरून हसायचा प्रयत्न करणारी. प्रेमलाने ग्लास खाली ठेवला आणि घरचा रस्ता धरला. येताना तिने मंडईतून मटार आणले, ते महाग होते तरी. हक्क संपला त्या संध्याकाळी मायलेकींनी मटारभात खाल्ला.

आणि कल्याणीचं बोलावणं आलं ते दिवाळी होऊन गेल्यावर. त्या संध्याकाळी ती सायबर कॅफेतून आली ती धावतच, चपला दारात कुठेतरी उडवून. प्रेमलाने सवयीप्रमाणे तिच्या तोंडाकडे बघितलं. कल्याणीला बोलताच येईना. ती आईच्या गळ्यात पडून रडायला लागली, आणि प्रेमलाच्या हातातला डाव तसाच हवेत राहिला. थोड्या वेळाने तीही रडली. इतक्या महिन्यांचं साठलेलं दोघींनी एकदम मोकळं केलं. भात खाली लागला, त्याचा वास शेजारी गेला, तेव्हा शेजारणी काय झालं ते बघायला आल्या आणि बातमी वस्तीभर झाली.

कल्याणी रुजू होणार त्याच्या आदल्या दिवशी भीमराव आला. दारातच उभा राहिला. पोपट असता तर त्यानेही कदाचित असंच, काय बोलावं ते न कळून, उंबऱ्याशी पाय घासले असते.

"हडपसरची बस स्वारगेटवरनं सुटती ना?" त्याने कल्याणीला विचारलं.

"हो काका."

"मी सोडतो सकाळी. पाणी सोडलं की येतो." मग आत वाकून तो प्रेमलाला म्हणाला, "वहिनी, चहा टाका. साखर नीट घाला."

प्रेमलाने साखर नीट घातली, आणि वर आणखी एक चमचा घातली. त्याने तो गोडमिट्ट चहा मुकाट्याने प्यायला.

भीमराव गेल्यावर प्रेमलाने कल्याणीचा नवा कुर्ता धुतला. पहिल्या दिवशी घालायचा म्हणून घेतलेला, पांढराशुभ्र. रंग कल्याणीनेच निवडला होता, आणि प्रेमलाने त्यावर चकार शब्द काढला नव्हता. घरापुढे दोन दोऱ्या होत्या, एक हाताला लागणारी आणि एक पार वर, छपराच्या कडेला बांधलेली. प्रेमला कोपऱ्यातला कळक घेऊन आली. कोठीतून आणल्यापासून तो तिथेच उभा होता, धरायच्या जागी तसाच गुळगुळीत.

"आई, खालच्या दोरीवर घाल की," कल्याणी दारातून म्हणाली. "मान दुखते तुझी वर बघितलं की."

"वरच्या दोरीला ऊन जास्त मिळतं."

तिने कुर्ता कळकाच्या टोकावर घेतला, दोन्ही हातांनी कळक वर चढवला, आणि वरच्या दोरीवर कुर्त्याच्या बाह्या सारख्या करून ठेवल्या. मान दुखली. पाण्याचे थेंब तिच्या तोंडावर पडले. तरी तुळजाबाईच्या कळकावर हात टेकून ती वर बघत उभी राहिली, कुर्ता ठिबकायचा थांबेपर्यंत.